औषध जुनं, इनहेलर नवा, मग पेटंट नेमकं कशाचं घ्यायचं?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी लिहिते, चुकत असेन तर सांगा. तिघांची टीम आहे, औषध बुडेसोनाइड, दम्यावरचं स्टेरॉइड, म्हणजे जुनंच, कॅप्सूल टोचून ओढायचा ड्राय पावडर इनहेलर आहे आणि माउथपीसच्या आधी तुम्ही एक वळणदार जाळी बसवली आहे, तिच्यामुळे ज्याच्या छातीत दम नाही त्याने हळू ओढलं तरी पावडर नीट फुटते आणि आतपर्यंत पोचते. कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की औषध जुनं असल्यामुळे त्या बाजूने काही मिळणार नाही, जाळीचं तेवढं पेटंट टाका आणि मोकळे व्हा. आणि अगदी शेवटच्या ओळीत, काही विशेष नसल्यासारखं, तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात परिषदेत पोस्टर लावताय.

मी आधी सहा वर्षं इनहेलेशनच्या फॉर्म्युलेशन लॅबमध्ये होते, मग पेटंट ड्राफ्टिंगकडे वळले आणि आता तेच करते. दोन्हीकडची खोड लागलेली आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. पोस्टरपासून सुरू करते, कारण बाकी सगळं पंधरा दिवस थांबलं तरी चालेल, हे नाही चालणार.

पोस्टर लागलं की माहिती जगजाहीर झाली. अमेरिकेत स्वतःच जाहीर केलेल्या गोष्टीवर फाइल करायला एक वर्षाची सवलत मिळते. युरोपात अशी सरसकट सवलत नाहीच. भारतात आहे, पण ठराविक प्रदर्शनं आणि विद्वत्सभेपुढे वाचलेले पेपर वगैरेंपुरती, अटींसकट, आणि तिच्या भरवशावर शहाण्याने राहू नये. म्हणजे आधी पोस्टर आणि मग फाइलिंग हे वरातीमागून घोडं, युरोप गेलाच म्हणून समजा. त्यात लोक पोस्टरची तारीख डोक्यात धरून बसतात आणि ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे पोस्टरचा छोटा सारांश, त्याच्या कितीतरी आधी परिषदेच्या साइटवर येऊन पडलेला असतो. मोजायची ती तारीख.

ॲबस्ट्रॅक्टच्या चार ओळींनी काय बिघडतंय असं वाटत असेल तर ट्रेप्रोस्टिनिलची केस वाचा. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो त्यावरचं औषध, ओढून घ्यायचं. युनायटेड थेरप्युटिक्सकडे अमेरिकेत त्याच्या उपचारपद्धतीचं पेटंट होतं, एका वेळी १५ ते ९० मायक्रोग्रॅम, १ ते ३ श्वासांत. लिक्विडिया या कंपनीने त्याला आव्हान दिलं, २०२२ मध्ये तिथल्या पेटंट ऑफिसच्या बोर्डाने क्लेम, म्हणजे पेटंटात हक्क सांगितलेले मुद्दे, रद्दबातल ठरवले आणि डिसेंबर २०२३ मध्ये फेडरल सर्किट या पेटंटांच्या अपील कोर्टाने तो निकाल कायम ठेवला. पुराव्यात काय होतं तर एक जुनं पेटंट आणि २००४ मधले दोन कॉन्फरन्स ॲबस्ट्रॅक्ट. त्या ॲबस्ट्रॅक्टचा पहिला लेखक याच पेटंटवर संशोधक म्हणून आहे! पेटंटचा पहिला अर्ज २००६ चा, म्हणजे ती एक वर्षाची सवलतही उलटून गेलेली. स्वतःच्याच घरातल्या चार ओळी कोर्टात समोर येऊन उभ्या राहिल्या.

तेव्हा ॲबस्ट्रॅक्ट अजून ऑनलाइन गेला नसेल तर त्याआधी पहिला अर्ज टाका, प्रोव्हिजनल, म्हणजे बारा महिन्यांत पूर्ण करायचा तात्पुरता अर्ज, चालेल. पण पोस्टरच्याच पीडीएफला कव्हर लावून प्रोव्हिजनल म्हणून टाकायचा प्रकार करू नका, दर वर्षी एखादं तरी तसं माझ्याकडे येतं. पहिल्या अर्जाची तारीख फक्त त्या अर्जात खरोखर लिहिलेल्या गोष्टींनाच मिळते. पोस्टरमध्ये एकच जाळी, एकच कोन, एकच डोस असतो, आणि बारा महिन्यांनी तुम्ही पूर्ण अर्जात दहा कोन आणि चार जाळ्या टाकता, त्या नवीन भागाला जुनी तारीख मिळत नाही आणि मधल्या काळात तुमचंच पोस्टर त्याच्या आडवं येतं. दोन आठवडे जागून का होईना, जे जे सुचलंय ते सगळं पहिल्याच अर्जात घाला, कच्ची स्केचेस आणि अर्धवट डेटासुद्धा.

आता मुख्य प्रश्नाकडे. औषधाचं की डिव्हाइसचं, हा प्रश्नच मला थोडा चुकीचा वाटतो. गोळीच्या बाबतीत तो ठीक आहे, गोळी पोटात गेली की काम झालं. इनहेलरमध्ये औषध, त्याची पावडर, कॅप्सूल, हवेची वाट आणि पेशंटचा श्वास हे सगळं मिळून एक डोस तयार होतो, यातलं एक बदललं की डोस बदलतो. त्यामुळे मी क्लायंटला उलटा प्रश्न विचारते: उद्या तुमची नक्कल करायला बसलेल्या कंपनीला कुठल्या गोष्टी सारख्या ठेवाव्याच लागतील आणि कुठल्या तिला आरामात बदलता येतील? जिथे तिला बदल करता येणार नाही तिथे तुमचं पेटंट हवं. बदलता येण्यासारख्या जागी घेतलेलं पेटंट भिंतीवर लावायला छान दिसतं.

पण त्याआधी ते 'जुन्या औषधाला पेटंट नाही' एकदाचं निकालात काढू. ओढून घ्यायच्या औषधांचा सगळा इतिहासच जुन्या औषधांवरचा आहे. १९५५ च्या सुमाराला रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने विचारलं की माझं औषध हेअरस्प्रेसारखं डब्यात का नाही येत. १९५६ मध्ये मेडिहेलर बाजारात आलं, आतलं औषध एपिनेफ्रिन किंवा आयसोप्रोटेरेनॉल. एपिनेफ्रिन तेव्हा अर्धशतक जुनं होतं. मोजून फवारा सोडणारा व्हॉल्व्हसुद्धा अत्तरासाठी केलेला, तोही त्यांचा नव्हे. तरी त्यांना पेटंट मिळालं, कारण त्यांनी ना औषध क्लेम केलं ना डबा, त्यांनी क्लेम केलं त्या औषधाच्या क्षाराचं प्रोपेलंटमध्ये, म्हणजे फवारा ढकलणाऱ्या वायूत, चालेल असं स्वतःहून उडणारं मिश्रण. औषध जुनं, व्हॉल्व्ह जुना, आणि या दोन जुन्या गोष्टी एकत्र नांदवणारी तिसरी गोष्ट नवी. तुमच्याकडेही ती तिसरी गोष्ट कुठली हे शोधायचंय, आणि मला नाही वाटत ती जाळी आहे.

का ते सांगते. कॅप्सूलच्या इनहेलरमध्ये जाळी कित्येक वर्षांपासून असते, कॅप्सूलचे तुकडे तोंडात जाऊ नयेत म्हणून. जाळीमुळे हवेचा प्रवाह आणि पावडरचं फुटणं बदलतं यावर पेपरही आहेत. पेटंट ऑफिसचा एक्झामिनर पहिल्याच पत्रात हे तुमच्यापुढे ठेवणार आणि म्हणणार, वाकडी केली यात काय मोठंसं. आणि समजा तुम्ही भांडून नेमक्या कोनाचा क्लेम मिळवलात, तर नक्कल करणारा कोन दोन अंश बदलेल, किंवा जाळी काढून तिथे पंख्यासारखी पाती घालेल. आतल्या प्लास्टिकला कुठला आकार द्यायचा याची त्याला पूर्ण मोकळीक आहे.

मोकळीक नाही ती दुसरीकडे. इनहेलरचा जेनेरिक आणायचा तर मूळ औषधाइतकंच औषध रक्तात गेलं एवढं दाखवून भागत नाही, अमेरिकेचं एफडीए, म्हणजे औषधांना मंजुरी देणारं खातं, लॅबमधल्या चाचण्या, रक्तातली पातळी, बऱ्याचदा पेशंटमधला अभ्यास आणि डिव्हाइसचं साम्य असं सगळं मिळून बघतं. डिव्हाइसच्या साम्यात आतली यंत्रणा महत्त्वाची नसते, पेशंटच्या हाताला आणि तोंडाला काय जाणवतं ते महत्त्वाचं असतं: झाकण उघडा, कॅप्सूल टाका, टोचा, ओढा, हा क्रम, ओढताना लागणारी ताकद वगैरे. जुना इनहेलर वापरणाऱ्या पेशंटला पुन्हा न शिकवता नवा वापरता आला पाहिजे. म्हणजे स्पर्धकाला आतली जाळी बदलता येईल, पण कमी ताकदीच्या श्वासावर तितकाच बारीक डोस देणं टाळता येणार नाही, कारण तो दिला नाही तर त्याला मंजुरीच मिळणार नाही. तुमचा क्लेम तिथे हवा. या एवढ्या रेझिस्टन्सचं (हवा ओढताना होणाऱ्या अडथळ्याचं) डिव्हाइस, ही अशी पावडर, आणि ३० लिटर आणि ६० लिटर प्रति मिनिट या दोन्ही प्रवाहांना बाहेर पडणाऱ्या बारीक कणांच्या प्रमाणात इतक्या टक्क्यांहून जास्त फरक नाही, या भाषेत.

यात एक खड्डा आहे. नुसता परिणाम क्लेम केला की युरोपात हमखास आक्षेप येतो, तुम्ही फळ सांगताय झाड सांगत नाही म्हणून. त्यावर एकच उपाय मला माहीत आहे, स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या वर्णनात, एकाहून जास्त झाडं दाखवायची. तुमच्याकडे थ्रीडी प्रिंटर असेलच, तीन-चार वेगळ्या भूमितीच्या जाळ्या करा, एक जाळी नसलेली पात्यांचीही करा, सगळ्यांवर तीच पावडर चालवा आणि ज्या चालल्या त्या, ज्या नाही चालल्या त्याही आकडे टाकून लिहा. न चाललेल्यांची खूप किंमत असते, त्यावरून सीमा कुठे आहे ते कळतं आणि 'हे कोणालाही सुचलं असतं' या आक्षेपाला उत्तर मिळतं.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर माझ्या जुन्या धंद्यातलं थोडं. ड्राफ्टमध्ये मला नेहमी दिसणारं वाक्य म्हणजे 'कणांचा आकार १ ते ५ मायक्रोमीटर'. हे लिहिलं काय आणि न लिहिलं काय, फुफ्फुसात जायचं तर साधारण तेवढेच कण लागतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. दुसरं वाक्य 'फाइन पार्टिकल फ्रॅक्शन किमान ५० टक्के', म्हणजे बारीक कणांचं प्रमाण, आणि पुढे पूर्णविराम. कशावर मोजलं? किती प्रवाहाला? ५० टक्के कशाचे, कॅप्सूलवर लिहिलेल्या डोसचे की बाहेर पडलेल्या डोसचे? आणि फाइन म्हणजे ५ मायक्रोमीटरच्या खालचे की एखाद्या स्टेजच्या खालचे? मी लॅबमध्ये असताना नेक्स्ट जनरेशन इम्पॅक्टर चालवायचे, तो सात स्टेजचा असतो, प्रत्येक स्टेजच्या कपात पावडरीचा पांढरा डाग बसतो, वर मोठे कण अडकतात आणि खाली खाली बारीक होत जातात, मग एकेक कप सॉल्व्हंटने धुवायचा आणि औषध मोजायचं. ६० लिटर प्रवाहाला पहिल्या स्टेजचा कटऑफ, म्हणजे ज्याहून मोठे कण तिथे अडकतात तो आकार, साधारण ८ मायक्रोमीटर आणि दुसऱ्याचा साडेचारच्या आसपास असतो, पण प्रवाह बदलला की हे आकडेसुद्धा सरकतात. एकच पावडर, एकच डिव्हाइस, सकाळी एका प्रवाहाला आणि दुपारी दुसऱ्या प्रवाहाला चालवा, दोन वेगळी उत्तरं मिळतात. मग कोर्टात समोरचा वकील म्हणतो, आमच्या पद्धतीने मोजलं तर आमचा माल ४७ टक्के येतो, आणि तुमच्या क्लेममध्ये पद्धतच नाही.

फार्माकोपिया म्हणजे औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ, त्याच्या पद्धतीत ड्राय पावडर इनहेलर ४ किलोपास्कल दाबफरकाला आणि ४ लिटर हवा ओढून तपासतात. जास्त रेझिस्टन्सच्या डिव्हाइसमधून तेवढ्या दाबाला हवा कमी जाते, हॅन्डीहेलर या कॅप्सूलच्या इनहेलरला तो प्रवाह मिनिटाला ४० लिटरच्या आसपास येतो. तुमची सगळी गंमत कमी ताकदीत आहे, म्हणून ४ किलोपास्कलचे आकडे द्याच पण २ किलोपास्कलचेही द्या, आणि इम्पॅक्टर कुठला, कप कसले लेप लावून वापरले, किती वेळा मोजलं, सगळं लिहा. कंटाळवाणं वाटतं पण पुढे क्लेम वाचवतो तो हाच मजकूर.

आता औषध आणि डिव्हाइस एकाच क्लेममध्ये घ्यायचे की वेगळे, हा तुमचा मूळ प्रश्न. उत्तर आहे दोन्ही, आणि कारण एका उदाहरणातूनच पटेल. एका ड्राफ्टमध्ये, नाव-गाव सोडून देते, पहिला क्लेम साधारण असा होता: 'बॉडी, माउथपीस, टोचायची सुई, जाळी, आणि चेंबरमध्ये ठेवलेली लॅक्टोज व औषध असलेली कॅप्सूल, यांचा बनलेला इनहेलर.' वाचायला भरभक्कम. मी समोरच्याला विचारलं, हा इनहेलर विकतं कोण? तो म्हणाला, आपली स्पर्धक कंपनी. मी म्हटलं, नाही, ती विकते रिकामा इनहेलर आणि वेगळ्या पाकिटात कॅप्सूल, त्या चेंबरमध्ये ठेवतो पेशंट. म्हणजे तुमच्या क्लेममधली वस्तू जगात पहिल्यांदा तयार होते ती पेशंटच्या हातात! क्लेममधला प्रत्येक घटक जुळल्याशिवाय थेट उल्लंघन होत नाही, मग 'उल्लंघनाला मदत केली' या वळणाने जावं लागतं, ते होतं पण अवघड आणि देशागणिक वेगळं. म्हणून एक संच असा हवा की ज्यात फक्त रिकामं डिव्हाइस आहे, एक ज्यात फक्त पावडर किंवा कॅप्सूल आहे, एक 'किट' म्हणून दोन्ही, आणि एक ज्यात दोन्ही एकत्र काम करतायत. अर्ज एकच ठेवा, पुढे एक्झामिनरने फोडायला लावला की डिव्हिजनल, म्हणजे त्यातून फोडलेले वेगळे अर्ज, काढता येतात.

एकत्र क्लेमचा अमेरिकेत आणखी एक उपयोग आहे, तोही अलीकडे स्पष्ट झालेला. तिथे १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्याखाली कंपनी आपली पेटंट ऑरेंज बुक या एफडीएच्या यादीत नोंदवते, आणि नोंदवलेल्या पेटंटवर वेळेत दावा लावला की जेनेरिकची मंजुरी साधारण ३० महिने अडकून राहते. त्यामुळे इनहेलर कंपन्यांनी डिव्हाइसची पेटंट तिथे भराभर नोंदवली. २०२३ मध्ये बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा शंभरावर नोंदींवर जाहीर आक्षेप घेतला. मग टेवा कंपनीच्या प्रोएअर एचएफए इनहेलरवरून जेनेरिक आणू पाहणाऱ्या ॲमनीलबरोबर खटला झाला, पाच पेटंट, डोस काउंटर वगैरेंची, क्लेममध्ये आतल्या औषधाचा, अल्ब्युटेरॉलचा (आपण साल्ब्युटेमॉल म्हणतो ते), पत्ता नाही. डिसेंबर २०२४ मध्ये फेडरल सर्किटने सांगितलं की नोंदवायचं पेटंट औषधाला क्लेम करणारं हवं, म्हणजे निदान त्यातला सक्रिय घटक तरी क्लेममध्ये हवा, नुसत्या डिव्हाइसचं पेटंट नोंदवता येणार नाही, काढा ते. पेटंट रद्द झाली नाहीत, फक्त ते ३० महिन्यांचं हत्यार गेलं. तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच की बुडेसोनाइड आणि डिव्हाइस दोन्ही असलेला एक क्लेम अर्जात असलाच पाहिजे, आणि तो खरा हवा, म्हणजे त्या औषधासाठी त्या डिव्हाइसने खरंच काहीतरी साधलंय हे डेटात दिसायला हवं. औषधाचं नाव शेपटासारखं चिकटवून उपयोग नाही.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर कोर्टाचा निकाल योग्यच होता. काउंटरच्या दातेरी चाकावरून दम्याचं औषध अडवून ठेवणं मला कधीच पटलं नाही, माझं पोट याच धंद्यावर असलं तरी. साल्ब्युटेमॉल १९६९ पासून बाजारात आहे, त्याचे सीएफसी या जुन्या प्रोपेलंटचे इनहेलर ओझोनमुळे अमेरिकेत २००८ च्या शेवटी बंद झाले, त्यांच्याबरोबर स्वस्त जेनेरिकही गेले, आणि एचएफए या नव्या प्रोपेलंटच्या इनहेलरच्या पहिल्या जेनेरिकला एफडीएची मंजुरी मिळाली २०२० मध्ये. मधला सगळा काळ प्रोपेलंट, व्हॉल्व्ह आणि काउंटर यांच्या पेटंटांचा. आता एचएफएसुद्धा तापमानवाढीमुळे जातायत, १५२ए आणि १२३४झेडई हे नवे प्रोपेलंट येतायत, त्यामुळे फवाऱ्याच्या बाजूला परत तीच गर्दी आहे. तुम्ही पावडरमध्ये आहात, या गर्दीतून सुटलात.

देशांचं पटकन सांगते. 'हळू श्वास घेणाऱ्या पेशंटला असा डोस द्या' ही उपचारपद्धत अमेरिकेत क्लेम करता येते. युरोपात उपचारपद्धतीला पेटंट नाही, पण 'अमुक पेशंटमध्ये वापरण्यासाठी तमुक औषध' असं फिरवून लिहिता येतं. भारतात ते फिरवूनही चालत नाही. शिवाय भारतात कलम ३(डी) आणि ३(ई) आहेत, माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप असेल तर उपचारातला परिणाम वाढलाय हे दाखवा आणि नुसतं मिश्रण असेल तर घटकांच्या बेरजेपेक्षा जास्त काहीतरी दाखवा, त्यामुळे तिथे तुमची डिव्हाइसची बाजू जास्त भक्कम आणि पावडरची कमजोर. युरोपात औषधाच्या पेटंटला पुढे मुदतवाढीचं सर्टिफिकेट मिळतं, त्याची आशा ठेवू नका, ते नव्या सक्रिय घटकासाठी असतं, बुडेसोनाइडला नव्या डब्यात घातलं म्हणून मिळणार नाही. बारा महिन्यांत पीसीटी, म्हणजे अनेक देशांसाठीचा एकत्र आंतरराष्ट्रीय अर्ज, टाकला तर पहिल्या तारखेपासून ३० महिने, भारत आणि युरोपसाठी ३१, इतका वेळ कुठल्या देशात जायचं ते ठरवायला मिळतो. छोट्या टीमला तो वेळ सोन्यासारखा असतो.

बाहेरच्या आकाराचं डिझाइन रजिस्ट्रेशन स्वस्तात होतं, करून टाका, फक्त त्यावर फार विसंबू नका. रंगावर तर अजिबात नाही, ग्लॅक्सोने इनहेलरच्या जांभळ्या रंगाचा ट्रेडमार्क धरून ठेवायचा प्रयत्न केला होता, इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलने २०१७ मध्ये तो टिकू दिला नाही.

आणि सगळंच पेटंटात ओतायची गरज नसते. ॲडव्हेअर डिस्कस या ग्लॅक्सोच्या पावडर इनहेलरच्या डिव्हाइसची पेटंट अमेरिकेत २०१६ मध्ये संपली, तरी पहिला जेनेरिक, विक्सेला, मंजूर झाला जानेवारी २०१९ मध्ये. मधल्या काळात कंपन्यांचे अर्ज एफडीएकडून परत येत होते, कारण तशी पावडर तशाच डिव्हाइसमधून तशीच उडवणं अवघड आहे. लॅक्टोज कुठल्या ग्रेडचा, बारीक कणांचं प्रमाण किती, मिक्सरमध्ये आधी काय घालायचं, मिश्रण किती दिवस नुसतं ठेवायचं म्हणजे कणांवरचा विद्युतभार उतरतो, यातलं कितीतरी तयार माल फोडून बघितला तरी कळत नाही. जे क्लेम करताय त्याची तुम्हाला माहीत असलेली उत्तम पद्धत भारतासारख्या देशांत लिहावीच लागते, तिथे लपवाछपवी केली तर अंगाशी येतं. पण जे क्लेममध्ये नाही आणि कारखान्याच्या आत राहतं ते आतच ठेवा, ज्याला कळतं त्याच्याकडून कागदावर गोपनीयतेची सही घेऊन.

इथपर्यंतचं गोळा करून: ॲबस्ट्रॅक्टच्या आधी भरगच्च पहिला अर्ज, क्लेम जाळीच्या आकारावर कमी आणि कमी प्रवाहातल्या कामगिरीवर जास्त, रिकामं डिव्हाइस, पावडर, किट आणि एकत्र असे चार संच, मोजमापाची पद्धत अक्षरशः लिहून.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत पण मला खटकल्या. पहिली, तुम्ही लिहिलंय की बॉडी 'बाजारात मिळते ती' घेतली आणि त्यात जाळी बसवली. त्या बॉडीवर दुसऱ्याचं पेटंट जिवंत असेल तर तुमच्या जाळीला पेटंट मिळूनही तुम्ही ती विकू शकणार नाही, पेटंट दुसऱ्याला अडवायचा हक्क देतं, स्वतः बनवायचा परवाना देत नाही. क्लिनिकल डेटा मंजुरीसाठी गोळा करेपर्यंत बऱ्याच देशांत सवलत आहे, विक्रीला नाही. तेव्हा त्या बॉडीची पेटंट कुठे, कधी संपतायत ते आत्ताच शोधा, साच्यावर पैसे घालण्याआधी.

दुसरी, जाळीचा कोन नक्की कोणी सुचवला? हे विचारण्याचं कारण, एका केसमध्ये तीन प्राध्यापक संशोधक म्हणून नावं घालून आले होते आणि बोलता बोलता कळलं की भोकं मधोमध न ठेवता कडेला सरकवायची कल्पना साचा करणाऱ्या माणसाची होती, 'तसं केलं नाही तर प्लास्टिक निघत नाही' म्हणून त्याने सांगितलेलं, आणि नेमकं त्यानेच पावडर फुटायला लागली. क्लेममध्ये कडेची भोकं होती, म्हणजे तोही संशोधक, आणि त्याची सही कुठेच नाही. नंतर ते निस्तरायला आठ महिने गेले. तुमच्यात कॉलेज, हॉस्पिटल, प्रिंटिंगवाला, जो कोणी असेल, आत्ताच हक्कांचा कागद करून घ्या, सगळे एकमेकांशी गोड बोलतायत तोवर.

मला पुढचं सांगायचं तर तीन गोष्टी लागतील: ॲबस्ट्रॅक्ट साइटवर कुठल्या तारखेला येणार, तुमच्या डिव्हाइसचं रेझिस्टन्स जाळीशिवाय किती आणि जाळीसकट किती, आणि ३० लिटरचे आकडे किती कॅप्सूलवर घेतलेत. तिसऱ्याचं उत्तर तीन कॅप्सूल असं असेल तर उद्या आधी लॅबमध्ये जा, वकिलाकडे नंतर.